रक्तगटाची आनुवंशिकता आणि ‘बॉम्बे’ रक्तगट

पती ‘ए’ गटाचा, पत्नी ‘ओ’ गटाची आणि अपत्य मात्र ‘बी’ गटाचे, असा अहवाल हाती आला की घरात संशय शिरतो. अशा प्रसंगी कुटुंब पुष्कळदा प्रथम आपल्या विश्वासातील वैद्याकडे येते. त्याच्या एका अविचारी शब्दाने निरपराध स्त्रीचा संसार मोडू शकतो. म्हणून रक्तगटाच्या वारशाचा नियम आणि त्याचा अपवाद, दोन्ही आपणांस ज्ञात असले पाहिजेत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजभागाच्या दुष्टीचा अपत्याच्या त्या त्या अवयवाशी संबंध सांगितला आहे. त्यामुळे आनुवंशिकतेचा विचार आपणांस नवा नाही. मात्र रक्तगट आणि दोषप्रकृती या भिन्न गोष्टी असून त्यांची सांगड घालण्याचा मोह टाळावा.

जनुकीय आधार

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. त्यांचा वारसा एकाच जनुकाच्या तीन पर्यायी रूपांनी ठरतो, हे फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९२४ साली मांडले. हे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. समाजात त्याची ए, बी व ओ ही तीन प्रमुख रूपे आढळतात. परंतु एका व्यक्तीजवळ दोनच असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले. ए व बी परस्परांशी सहप्रभावी, तर ओ अप्रभावी होय. त्यामुळे जनुकांच्या जोड्या सहा होतात. पण प्रकट गट चारच दिसतात. एए व एओ या जोड्यांचा गट ‘ए’, बीबी व बीओ यांचा ‘बी’, एबी जोडीचा ‘एबी’ आणि ओओ जोडीचा ‘ओ’.

तांबड्या पेशीवर प्रथम ‘एच’ नावाचा शर्करायुक्त पदार्थ तयार होतो. ए व बी जनुकांपासून बनणारी विकरे त्यावर आपापली विशिष्ट शर्करा जोडतात. ओ जनुकापासून कार्यक्षम विकर बनत नाही. म्हणून ‘ओ’ गटात ‘एच’ तसाच राहतो.

मुंबईत लागलेला शोध

हा ‘एच’ पदार्थ ज्या जनुकामुळे बनतो ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. माता व पिता या दोघांकडून त्याची निकामी प्रत आल्यास ‘एच’ बनतच नाही. मग ए किंवा बी जनुक असूनही ते प्रकट होत नाही आणि नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ असाच दिसतो. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या अशा व्यक्तींचे वर्णन १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून यास ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकास असतो, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. रक्तसंबंधातील विवाहांत त्याची शक्यता वाढते.

आता आरंभीचे उदाहरण पाहू. पत्नी वस्तुतः ‘बॉम्बे’ गटाची असून तिच्याजवळ बी जनुक सुप्त आहे. पतीची जोडी एओ आहे. अपत्याला मातेकडून बी, पित्याकडून ओ आणि एच जनुकाची कार्यक्षम प्रत मिळाली. अपत्याचा गट ‘बी’ झाला. ते बी जनुक परक्याचे नसून मातेचेच होय.

चिकित्सकाचे कर्तव्य

याच स्त्रीला दुसराही धोका आहे. तिच्या रक्तरसात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात. प्रसूतीतील रक्तस्रावात अहवालावर विसंबून, जुळणी न करता ‘ओ’ रक्त दिल्यास ते प्राणघातक ठरू शकते. तिला ‘बॉम्बे’ गटाचेच रक्त चालते.

केवळ पेशींची तपासणी केल्यास हा गट ओळखता येत नाही. रुग्णाच्या रक्तरसाने ‘ओ’ पेशींचेही गुठळण झाले, तर शंका घ्यावी आणि ‘एच’विरोधी द्रव्याने खात्री करावी. निदान झाल्यास सख्ख्या भावंडांचीही तपासणी करवावी. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडात हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते.

विसंगत अहवाल दिसताच प्रथम तिघांची तपासणी रक्तपेढीत पुन्हा करवावी, कारण नमुन्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक होय. त्यानंतर वरील अपवादाचा विचार करावा. पितृत्वाचा निर्णय रक्तगटावरून देऊ नये. प्रश्न उरलाच तर डीएनए चाचणी आहे. तोवर वैद्याने मौन पाळावे आणि कुटुंबासही संयम शिकवावा.