विणलेल्या स्वेटरवर भरतकाम



वसतिगृहातल्या मुलांसाठी तुम्ही स्वेटर विणून पाठवता. त्यावर एखादे फूल भरले की मुलाला तो खास आपला वाटतो. पण आधी माझी चूक सांगते. मी पहिल्या स्वेटरच्या गळ्याभोवती घट्ट टाक्यांची वेल भरली. दिसायला सुरेख, पण मुलीच्या डोक्यातून गळा उतरेना. ओढताना दोरा तुटला. "राहू द्या ताई, चालेल," ती म्हणाली. तेच मला लागले.

वीण एकमेकांत अडकलेल्या फासांची असते, म्हणून ताणते. घट्ट, सरळ टाका ताणत नाही.

तेव्हा स्वेटरच्याच जाडीची, रंग न जाणारी लोकर आणि बोथट सुई घ्यावी. टोकदार सुईने लोकर चिरते. सुलट बाजूचा प्रत्येक टाका इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो. त्याच्या खालच्या टोकातून सुई वर काढावी, वरच्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांमागून आडवी न्यावी आणि पुन्हा त्याच टोकात घालावी. नवा टाका जुन्यावरच बसतो आणि त्याच्याबरोबर ताणतो. देठासाठी सैल साखळी टाका चालतो.

विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. म्हणून चौकटीच्या कागदावर नक्षी थोडी उंच काढावी, नाहीतर फूल बसके दिसते. मागे लांब धागे सोडू नयेत. लहान बोटे अडकतात. गाठ न मारता टोक विणीत ओवावे.

शेवटी गळा दोन्ही हातांनी ताणून पाहावा. सहज ताणला, तरच स्वेटर पाठवावा.