लॅपलँडला मुलांना न्यायचं तर मार्चमध्ये

फिनलंडच्या लॅपलँडला सहकुटुंब जायचं म्हटलं की बहुतेक जण नाताळची सुटी धरतात. माझा आग्रह फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतच्या दिवसांचा आहे. डिसेंबरच्या शेवटी रोव्हानिएमीत सूर्य जेमतेम दोन-अडीच तास दिसतो. आणखी उत्तरेला, इनारीत, तो उगवतच नाही. अशा अंधारात लहान मुलं दुपारीच पेंगायला लागतात. मार्चमध्ये बर्फ भरपूर असतो, दिवस बारा तासांवर पोचतो आणि रात्रीही अरोरा दिसण्याइतक्या काळ्या असतात. आपल्याकडे वार्षिक परीक्षा आड येतात, हे खरं. म्हणून मुलं बालवाडी-पहिलीत असतानाच जाऊन यावं.

हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेची केबिन घ्या. साधारण बारा तासांत रोव्हानिएमी येतं. सांताचं गाव अर्ध्या दिवसात उरकतं. पुढे बसने सारिसेल्का गाठा. तिथला घसरगाडीचा उतार किलोमीटरभराहून लांब आहे! इनारीचं सीदा संग्रहालय मात्र घाईत पाहू नका. रेनडिअर पाळण्याची परंपरा असलेल्या सामी लोकांचं आयुष्य तिथे नीट समजतं.

खरी तयारी कपड्यांची. अंगालगत सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की तेच गारठवतं. आत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारा सूट. बूट एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर बोटं अधिकच गार पडतात. मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे मोजे बरे. कानातले काढून ठेवा, धातू थंडी थेट कातडीपर्यंत नेतो. आणि एक विसरू नका: घसरगाडी ओढणाऱ्या बाबांना घाम फुटतो, तेव्हा आत स्वस्थ बसलेलं मूल गारठत असतं. त्याला दर थोड्या वेळाने उतरवून चालवा.

खाऊत पोहे, मेतकूट, चटण्या चालतील. तूप, खवा, पेढे नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

अरोरासाठी सगळ्यांनी रोज जागरण करू नये. आभाळ निरभ्र असेल त्या रात्री मोठ्यांपैकी एकाने जागावं आणि दिसला की बाकीच्यांना उठवावं. मुलांचे कपडे घालायच्या क्रमाने दाराशी मांडून ठेवा, कारण उणे वीसमध्ये बाहेर पडायची तयारी करण्यातच पंधरा मिनिटं जातात.