आवाजाची वाट

दादीजान टीव्हीवर बातम्या पाहत आहेत. पण शब्द त्यांना नीट ऐकू येत नाहीत. दोष त्यांच्या कानांचाच असेल असे नाही. हल्लीचे टीव्ही पातळ असतात. त्यांत मोठे स्पीकर मावत नाहीत. म्हणून बरेच लोक साउंडबार जोडतात.

जोडणी सोपी आहे. आधी दोन्ही उपकरणे बंद करा. टीव्हीवर 'एचडीएमआय एआरसी' असे लिहिलेले पोर्ट शोधा. या पोर्टातून आवाज टीव्हीच्या आत येतो, तसाच बाहेरही जातो. ही सोय २००९ साली आली. साउंडबारवरही असेच पोर्ट असते. दोन्ही पोर्टे एचडीएमआय केबलने जोडा. असे पोर्ट नसेल, तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून आवाज प्रकाशाच्या रूपाने जातो. तिच्या टोकांवरची टोपणे आधी काढा!

आवाज आलाच नाही तर? घाबरू नका. आवाज ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने तुम्हीही चला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बाहेरचा स्पीकर निवडला आहे का? केबलची टोके घट्ट बसली आहेत का? साउंडबारवर योग्य इनपुट निवडले आहे का? एका वेळी एकच बदल करा. म्हणजे दोष नेमका कुठे होता, ते कळते. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात का? मग ब्लूटूथ सोडून केबल वापरून पाहा.

कारागिराला बोलावण्यापूर्वी एवढे जरूर करा. कदाचित आजच्या बातम्या दादीजानच तुम्हाला सांगतील!