पाण्याच्या ओझ्याने जमीन दबते

सुतळीच्या बाजेवर माणूस बसला की बाज खाली झोळते. तो उठला की पुन्हा वर येते. हे आपण रोज पाहतो. आता सांगा, आपल्या पायांखालची जमीन अशी दबत असेल का?

कोणी म्हणेल, "छे, गुरुजी! जमीन ती. खाली कातळ. तो कसा दबेल?"

पण तो दबतो. फार थोडा दबतो, म्हणून आपल्याला कळत नाही. त्यावर ओझेही तसेच मोठे लागते. बैलगाडीचे ओझे त्याच्या खिजगणतीतही नाही. ओझे हवे पाण्याचे किंवा बर्फाचे.

पाणी दिसायला हलके, पण त्याचे वजन करून पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा हौद भरला, की त्यात १ टन पाणी झाले. १ टन म्हणजे १००० किलो. एक एकर रानात करंगळीच्या जाडीएवढे, म्हणजे १ सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर ते भरते ४० टन. चार मालट्रक भरून जातील एवढे! एका एकराचे हे असे. मग शेकडो कोस पाणी पसरले तर?

दक्षिण अमेरिकेत ब्राझील नावाचा देश आहे. तिथे अॅमेझॉन नावाची महानदी वाहते. तिच्या खोऱ्यात मनाउस हे शहर आहे. पावसाळ्यात तिथे नदी दहा मीटरहून जास्त चढते. दूरदूरचे रान पाण्याखाली जाते. त्या पाण्याच्या भाराने मनाउसची जमीन दर वर्षी ५ ते ७ सेंटिमीटर खाली बसते आणि पाणी ओसरले की वर येते. म्हणजे चार बोटे खाली, चार बोटे वर. शहरातल्या लोकांना पत्ताही नसतो. कारण घरे, रस्ते, झाडे सगळे बरोबरच खालीवर होते.

मग हे कळले कसे? सगळेच हलत असेल, तर मोजायचे कशापासून? प्रश्न चांगला आहे. याचे उत्तर आकाशात आहे.

तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये रस्ता दाखवणारा नकाशा असतो. मोबाइलला आपली जागा कळते, ती जीपीएसमुळे. जीपीएस म्हणजे माणसाने सोडलेल्या उपग्रहांची एक मांडणी. ती अमेरिकेची आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये ती पुरी झाली. पुढे रशिया, युरोप आणि चीन यांनीही आपापली मांडणी केली. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून असे उपग्रह सोडले. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंच फिरतात. प्रत्येकात एक अतिशय नेमके घड्याळ असते.

वीज चमकल्यावर आपण आकडे मोजतो ना? सावकाश नऊ मोजले आणि मग गडगडाट आला, तर वीज सुमारे ३ किलोमीटर लांब. आवाज यायला जो वेळ लागला, त्यावरून अंतर कळले. जीपीएसचे तसेच आहे. उपग्रह सारखा सांगत असतो, "आता माझ्या घड्याळात इतके वाजले." हा निरोप रेडिओच्या लहरींवरून येतो. त्या सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात. तरी खाली यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतोच. तो वेळ मोजला की उपग्रहाचे अंतर निघाले.

एका अंतरावरून मात्र जागा कळत नाही. एखादे घर वडापासून ५० पावलांवर आहे, एवढे सांगितले तर तुम्ही वडाभोवती फिरत बसाल. विहिरीपासून ७० आणि देवळापासून ९० पावले, असेही सांगितले तर घर नेमके सापडेल. म्हणून तीन उपग्रह लागतात. चौथा लागतो तो आपल्याकडच्या घड्याळाची चूक काढायला. ही चूक लहान समजू नका. सेकंदाचे दहा लाख भाग केले आणि त्यातल्या एका भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटर चुकते!

मोबाइलचा अंदाज काही मीटर इकडेतिकडे होतो. वाट शोधायला तेवढे पुरते, पण जमिनीचे दबणे मोजायला नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ कातळात भोक पाडून लोखंडी पाये पक्के रोवतात आणि त्यांवर यंत्र बसवतात. ते तिथून हलवायचे नाही. दिवस-रात्र, वर्षानुवर्षे ते उपग्रहांचे निरोप ऐकत राहते. असे हजारो निरोप एकत्र करून हिशेब केला, की जागा काही मिलिमीटरपर्यंत नेमकी कळते. आणि आपला मघाचा प्रश्न? हे उपग्रह पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतात. म्हणून उंचीही शेजारच्या डोंगरावरून नाही, तर पृथ्वीच्या मध्यापासून मोजली जाते. डोंगर हलला तरी हिशेब बिघडत नाही.

आता बर्फाकडे वळू. उत्तरेला ग्रीनलंड नावाचे मोठे बेट आहे. त्याच्यावर बर्फाचा थर आहे. मध्यावर तो ३ किलोमीटरहून जाड आहे. हवा तापत चालल्यामुळे हे बर्फ वितळून समुद्राला मिळत आहे. २००२ नंतरच्या वीस वर्षांत सरासरी वर्षाला अडीचशे अब्ज टनांहून जास्त बर्फ गेले. बर्फाच्या कडेला जो उघडा कातळ आहे, त्यावर २००७ ते २००९ या काळात पन्नासएक यंत्रे बसवली. ओझे उतरत आहे, तसा कातळ वर येताना त्यांना दिसतो. काही ठिकाणी तो वर्षाला १ सेंटिमीटरहून जास्त उचलला जातो. बर्फ पुरते वजन करायला कोणता तराजू पुरणार? इथे कातळच तराजू झाला आहे.

बाज मात्र लगेच वर येते. धरणीचे सगळेच तसे नाही. कातळाच्या खूप खाली जे खडक आहेत, ते मळलेल्या कणकेसारखे हळूहळू सरकतात. स्वीडन देशावर पूर्वी असाच जाड बर्फाचा थर होता. तो वितळून सुमारे १०,००० वर्षे झाली. तरी तिथल्या समुद्रकाठची जमीन अजून वर येते आहे, वर्षाला जवळजवळ १ सेंटिमीटर. लुलेओ नावाच्या गावाचे बंदर त्यामुळे उथळ झाले. नावा काठाला लागेनात. शेवटी १६४९ मध्ये गावच समुद्राकडे हलवावे लागले. ताप मोजायच्या अंशांना ज्यांचे नाव आहे, त्या सेल्सियस यांनी १७३१ मध्ये तिथल्या एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. समुद्रच आटतो आहे, अशी त्यांची समजूत होती. जमीन वर येते, हे नंतर कळले.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताची गोष्ट. २०१२ ते २०१६ तिथे मोठा दुष्काळ पडला. डोंगरावर बर्फ पडेना, तलाव आटले. तिथे भूकंपासाठी शेकडो जीपीएस यंत्रे आधीच लावलेली होती. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचे आकडे पाहिले, तर डोंगर वर आलेले! काही ठिकाणी १५ मिलिमीटरपर्यंत. पाण्याचे ओझे कमी झाले होते ना! हिशेब केला तेव्हा पश्चिम अमेरिकेत मिळून सुमारे २४० अब्ज टन पाण्याची तूट निघाली. सगळीकडे सारखी वाटली, तर १० सेंटिमीटर पाणी. आपल्या मघाच्या हिशेबाने एकरी ४०० टन.

पाऊस किती पडला ते पर्जन्यमापक सांगतो. विहिरीत पाणी किती, ते दोर सोडून कळते. पण डोंगरावरचे बर्फ, मातीतली ओल आणि भूगर्भातले पाणी असे सगळे मिळून किती, हे जमिनीच्या वजनकाट्याने कळले.

पण त्याच प्रांतात डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात उलटेच चालले होते. तिथली जमीन खाली जात होती. आता तुम्ही म्हणाल, "ओझे कमी झाले तर जमीन वर यायला हवी, खाली का जाते?" खोऱ्यात कातळ खूप खोल आहे. वर वाळू आणि चिकणमातीचे थर आहेत. चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी असते आणि तेच त्या कणांना तोलून धरते. शेतकऱ्यांनी बोअरचे पाणी उपसले, तसे कण एकमेकांवर बसले. पोत्यात धान्य ठासून भरावे तसे. मग पुढे कितीही पाऊस पडो, त्या थरात पूर्वीइतके पाणी मावत नाही. ती कोठी कायमची लहान झाली. (आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात ती गोष्ट वेगळी. ती माती पावसात पुन्हा फुगते.)

हे आजचे नाही. मेंडोटा गावाजवळ जोसेफ पोलंड नावाच्या शास्त्रज्ञाने विजेच्या खांबावर पाट्या लावल्या होत्या. १९२५ ची पाटी पार वर, १९५५ ची मध्ये, १९७७ ची पायाशी. पन्नासएक वर्षांत जमीन सुमारे ९ मीटर खचली, म्हणजे तीन मजले! नंतर लांबून कालव्याचे पाणी आले, उपसा कमी झाला आणि खचणे थांबत आले. पण दुष्काळ पडला की बोअर पुन्हा सुरू होतात. फ्रायंट-कर्न नावाच्या कालव्याचा तळच खाली बसला. उतार बिघडला. एका भागात कालव्यातून निम्म्याहूनही कमी पाणी जाऊ लागले. जे पाणी मिळायचे तेही अडले! २०१४ मध्ये ईस्ट पोर्टरव्हिल या वस्तीत घराघरांच्या उथळ विहिरी कोरड्या पडल्या. लोकांना प्यायला बाटल्यांचे पाणी आणावे लागले. ज्याचे बोअर खोल त्याला पाणी, ज्याचे उथळ तो कोरडा. हे आपल्याकडेही कोणाला नवे नाही.

त्याच वर्षी त्या प्रांताने भूजलाचा कायदा केला. ज्या भागात उपसा फार झाला आहे, तिथल्या लोकांनी मंडळे करायची आणि २०४० पर्यंत उपसा व भरणा यांचा मेळ घालायचा, असे त्यात ठरले. त्या हिशेबात विहिरींच्या पातळीबरोबर जमीन किती खचली, तेही मांडावे लागते.