दुसऱ्याचे कागद आपल्या फोनवर



मागच्या पावसाळ्यात वसतिगृहातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी बसले होते. दुसऱ्याच दिवशी मुदत संपत होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचे आधार कार्ड, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेले. मी फोनने फोटो काढले. एकेक फोटो तीन-चार एमबीचा, आणि अर्जात चालणार होता २५६ केबीच्या आतला. म्हणजे फाइल बारा-पंधरा पट लहान करायची.

इंटरनेटवर शोधले, पहिले दिसले ते फुकटचे संकेतस्थळ उघडले, तिन्ही कागद तिथे चढवले. मिनिटभरात काम झाले, अर्ज गेला. मुलीचे वडील ओट्यावर बसून पाहत होते. त्यांनी सहज विचारले, "ताई, आमचे कागद कुठं जाऊन आले?"

मला उत्तर देता आले नाही. ते संकेतस्थळ कोणाचे, कागद पुसले की ठेवून घेतले, यातले मी काहीच पाहिले नव्हते. त्या माणसाने तलाठ्याकडे आणि तहसिलीत खेटे घालून मिळवलेले कागद मी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हाती दिल्यासारखे दिले होते. तो प्रश्न मनात घेऊन मी जे शिकले, तेच आज तुमच्यासमोर ठेवते.

१. फाइल कुठे जाते ते समजून घ्या
फाइल लहान करणे, फोटोची पीडीएफ करणे, दोन पीडीएफ जोडणे यासाठी अनेक फुकट साधने आहेत आणि ती उपयोगी आहेत. त्यांचे दोन प्रकार असतात. काही साधने तुमची फाइल दूरच्या संगणकावर नेतात आणि तिथे काम करून परत देतात. काही मात्र सगळे काम तुमच्याच फोनमध्ये करतात, फाइल बाहेर जात नाही. गूगलच्या मंडळींनी बनवलेले 'स्क्वूश' हे फोटो लहान करण्याचे साधन दुसऱ्या प्रकारातले आहे.

ही भीती उगाच नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशारा दिला होता, की फाइल बदलून देणाऱ्या फुकट साधनांच्या आडून भामटे संगणकात घातक प्रोग्राम घुसवतात, आणि चढवलेल्या कागदांतून माहितीही चोरतात.

२. आधी फोनमध्येच करून पाहा
कागदाभोवतीची चटई, टेबल कापून टाका. तेवढ्यानेही आकार उतरतो. फोटो व्हॉट्सॲपवर घरातल्याच दुसऱ्या फोनला पाठवा, पण फोटो म्हणून. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर लहान होत नाही. गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने सरळ पीडीएफ होते. अँड्रॉइड फोनवर फोटो उघडून 'प्रिंट' निवडले, की प्रिंटरच्या जागी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' असाही पर्याय मिळतो.

लहान केलेला कागद मोठा करून एकदा वाचा. दाखल्याचा क्रमांक आणि शिक्का दिसत नसेल तर अर्ज परत येतो, आणि त्या मुलीचे वर्ष अडते.

३. आधारची जास्त काळजी घ्या
डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची इंग्रजी पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. तो काढण्यासाठी लोक परक्या संकेतस्थळावर आधारही चढवतात आणि पासवर्डही लिहितात. तसे करू नका. संगणकावर क्रोममध्ये फाइल उघडा, पासवर्ड द्या आणि 'प्रिंट'मधून पीडीएफ म्हणून जतन करा. नव्या प्रतीला पासवर्ड नसतो. जिथे पूर्ण क्रमांक मागितलेला नाही तिथे 'मास्क्ड आधार' द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

४. विमान मोडची परीक्षा
एखादे साधन फाइल बाहेर नेते का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. पान पूर्ण उघडू द्या, मग फोन विमान मोडवर टाका आणि एखादा साधा, झाडाचा किंवा फुलाचा फोटो देऊन पाहा. तरीही काम झाले तर ते फोनमध्येच होते आहे. अडले तर फाइल बाहेर जात असण्याची शक्यता असते. तिथे कोणाचा दाखला चढवू नका. खरा कागद देतानाही विमान मोड ठेवा, आणि पान बंद केल्यावरच नेट सुरू करा. 'आधी हे ॲप घ्या' असे म्हणणारे पान लगेच बंद करा.

५. काम झाले की पुसा
अर्ज गेल्यावर ते फोटो गॅलरीतून आणि तिच्या कचरापेटीतूनही काढा. फोटो आपोआप गूगलवर साठत असतील तर तिथलेही काढा. हे सारे कागदाच्या मालकासमोर करा.

आपल्यातले अनेक जण गावातल्या लोकांचे अर्ज भरून देतात. ही मोठी सेवा आहे. पण त्या कागदांचे आपण मालक नाही, फक्त कारभारी आहोत.

पुढच्या मासिक सभेत एवढे करा. प्रत्येकाने स्वतःचा एक फोटो विमान मोडवर लहान करून दाखवावा. मग एकमेकांना विचारा: माझ्या फोनमध्ये आज दुसऱ्या कोणाकोणाचे कागद पडून आहेत?

यंदा ते वडील पुन्हा येतील, धाकटीचा अर्ज घेऊन. त्यांना सांगायला या वेळी माझ्याकडे उत्तर आहे: "दादा, तुमचे कागद कुठेही गेले नाहीत. गेले ते फक्त अर्जात."