टाकीतल्या प्रवाळासाठी दिवा घेताना

बेंगळुरूहून मंगळुरूला जा नाहीतर चेन्नईला, समुद्र रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच पडतो. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. तरीही राजाजीनगरातल्या आमच्या घरात, दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीला, खाऱ्या पाण्याची टाकी आहे. अडीच फूट लांब, दीड फूट खोल, आत क्लाऊनफिशची जोडी आणि मऊ प्रवाळं. मीठ पाकिटातून येतं, पाणी आरओचं वापरतो, लाटांचं काम वेव्हमेकर करतो. एवढ्या गोष्टींची नक्कल बऱ्यापैकी जमते. जमायला सगळ्यात अवघड जातं ते ऊन, आणि नव्या माणसाचे पैसे आणि जिवंत प्राणी दोन्ही तिथेच वाया जातात. ओळखीतलं कुणी टाकी सुरू करायचं म्हणालं की पहिला प्रश्न "दिवा कुठला घेऊ?" हाच येतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचा पहिला दिवा शहरातल्याच एका दुकानातला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फुल स्पेक्ट्रम’. दुकानदाराने सांगितलं, "सर, यात सगळे रंग आले. झाडांची टाकी असो की मरीन, कशालाही चालतो." घरी लावला तेव्हा टाकी लख्ख उजळली, पाहुणे कौतुक करून गेले. मग खडकांवर केसाळ हिरवं शेवाळ धरायला लागलं. झोअँथिड प्रवाळांचे देठ एरवी बुटके असतात, ते माना उंच करून वर यायला लागले. दुकानात पोपटी-नारिंगी दिसलेले त्यांचे मुखवटे मळकट तपकिरी झाले. दिवा खराब नव्हता. तो गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठी बनवलेला होता: पांढरा, लाल आणि हिरवा भरपूर, निळा जेमतेम.

त्याच्या जागी निळ्या-पांढऱ्या चिपांचा दणकट दिवा आला. विकणाऱ्याने सांगितलं, "मरीनला ताकद लागते, शंभर टक्क्यांवर चालवा." तसा चालवला आणि आठवडा व्हायच्या आत मशरूम प्रवाळाची थाळी कडेने आत वळून सुपारीएवढी झाली. तिचा विटकरी रंग उतरत उतरत फिकट गुलाबी झाला, मधला भाग तर जवळजवळ पारदर्शक. त्याच खडकाच्या आडोशाला, सावलीत चिकटलेलं तिचंच पिल्लू मात्र पूर्ण उमललेलं होतं. पाणी तेच, मीठ तेच, तापमान तेच. फरक फक्त उजेडाचा. प्रवाळाच्या दिव्याबद्दल आज जे काही मला कळतं, त्याची सुरुवात त्या दोन मशरूमपासून झाली.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. या शैवालात क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं असतात. त्यांची मुख्य भूक साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे जांभळ्या-निळ्यात असते, आणि पेरिडिनिनमुळे ती थोडी हिरव्यापर्यंत जाते. यात नवल नाही. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि स्वच्छ समुद्रात सगळ्यात खोल पोचतो तो निळा. म्हणून रीफच्या दिव्यात निळ्याचा पाया हवा, त्यावर थोडा पांढरा आणि चवीपुरता लाल-हिरवा. हे शेवटचे दोन प्रामुख्याने आपल्या डोळ्यांसाठी असतात. त्यांच्याशिवाय मासे निळसर मेणाचे दिसतात.

सगळ्या प्रवाळांना उजेड लागतो असंही नाही. मंगळवारी अंगठीत घालतात ते लाल पोवळं समुद्रात अंधाऱ्या कपारींत आणि खोलवर वाढतं. त्याच्यात शैवाल नसतं, ते पाण्यातलं अन्न टिपून जगतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्यात उतरलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली असेल: तिथलं पाणी हिरवट, गढूळ असतं आणि त्यातही प्रवाळ असतात. किनाऱ्याजवळच्या अशा पाण्यात निळा लवकर अडतो आणि हिरवा पुढे जातो. उलट विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेल्या आंग्रिया बँकवर, नितळ पाण्याखाली वीसेक मीटरवर प्रवाळ वाढतात. तेव्हा ‘समुद्रासारखा उजेड’ असं कुणी सांगितलं तर कुठल्या समुद्रासारखा आणि किती खोलीवरचा, हे विचारायला हरकत नाही.

‘फुल स्पेक्ट्रम’ छापायला कुठलंही ठरलेलं प्रमाण पाळावं लागत नाही. साधा पांढरा एलईडीसुद्धा तो दावा करू शकतो. मुळात तो ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा चिपच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला. निळा एलईडी व्यवहारात आणल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि आपल्या घरातले सगळे पांढरे एलईडी त्याच शोधावर उभे आहेत. म्हणून खोक्यावरच्या शब्दांऐवजी स्पेक्ट्रमचा आलेख मागा. कुठल्या नॅनोमीटरचे किती चिप आहेत आणि कुठला गट कुठल्या चॅनलवर चालतो, हे कागदावर हवं. रीफच्या दिव्यात ४२० च्या आसपासचा जांभळा, ४५० चा रॉयल ब्लू आणि ४७० चा निळा असे तीन तरी शेड असावेत. निळा आणि पांढरा वेगवेगळे कमी-जास्त करता येत नसतील तर तो दिवा रीफसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असला तरी.

आकड्यांची फसगत इथेच होते. ल्युमेन हा माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजलेला उजेड. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि निळ्याला फार कमी. त्यामुळे प्रवाळाला हवा तसा निळा दिवा ल्युमेनमध्ये दुबळा दिसतो आणि नको तो हिरवट-पांढरा बलवान. मोबाइलवरची लक्स मोजणारी अ‍ॅप याच कारणाने कुचकामी आहेत. वॉटचंही तसंच. पंचावन्न चिप, प्रत्येकी तीन वॉटचा, म्हणून ‘१६५ वॉट’ असा गुणाकार छापलेला असतो. पण चिप तेवढ्या जोरात चालवलेलेच नसतात आणि प्लगला मीटर लावला की आकडा बराच खाली येतो. केल्विनवरून थोडाफार अंदाज येतो: दिवसाचा पांढरा ६,५०० च्या आसपास, रीफचे दिवे १४,००० ते २०,००० च्या घरात. पण चार चॅनल असलेल्या दिव्याला एकच केल्विन चिकटवण्यात अर्थ नाही.

मोजायचं असतं ते पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, याचा आकडा मायक्रोमोलमध्ये. भर दुपारी उघड्यावर तो २,००० च्या आसपास जातो. हौशी लोकांत रुळलेला अंदाज असा: मशरूमला ५० ते १००, झोअँथिडला ८० ते १५०, लेदर प्रवाळाला १०० ते २००. यापलीकडे दिवा ढकलण्यात फायदा नाही, शेवाळाला मात्र तो भरपूर मिळतो. पार मीटर महाग असतो आणि एका टाकीसाठी विकत घेण्याची गरज नाही. शहरात रीफ ठेवणारी माणसं एकमेकांना धरून असतात, कुणाकडे तरी तो असतोच. घेताना एवढं विचारा की तो एलईडीच्या निळ्यासाठी बनवलेला आहे का. जुन्या पद्धतीचे मीटर निळा कमी दाखवतात, आणि त्यांच्यावर विसंबून आपण दिवा वाढवत जातो.

आमच्याकडे मीटर आला तेव्हा सेन्सर पाण्यात बुडवून, प्रत्येक प्रवाळाच्या बाजूला नेमका त्याच्या उंचीवर धरून वाचनं घेतली. दिव्याच्या बरोबर खाली, वरच्या खडकावर तीनशेच्या पुढे. एक वीत बाजूला सव्वाशे. कोपऱ्यात वाळूवर चाळीससुद्धा नाही. एकाच टाकीत तीन वेगळे समुद्र! कारण चिपांवरची भिंगं. अरुंद कोनाचं भिंग उजेड खोल नेतं, पण खाली झोत पाडतं आणि कडा अंधारात ठेवतं. दीड फुटाच्या टाकीला रुंद कोनाची भिंगं पुरतात, आणि दिवा पाण्यापासून आठ-दहा इंच वर उचलला की झोत पसरतो, वेगवेगळ्या रंगांच्या सावल्याही एकमेकींत मिसळतात. तीन फुटांच्या पुढच्या टाकीला एक भारी दिवा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावेत, हे माझं ठाम मत आहे. एक बिघडला तरी दुसरा चालतो, हा वरचा फायदा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवा नवा असो वा प्रवाळ नवं, सुरुवात कमी उजेडावर करा. निळा तीस-चाळीस टक्क्यांवर, पांढरा दहावर, आणि मग दर आठवड्याला थोडा-थोडा वाढवत महिना-दीड महिन्याने ठरवलेल्या पारवर पोचा. एकदम जादा उजेड पडला की शैवालाची यंत्रणा ओसंडून वाहते, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकून देतं. आमच्या मशरूमचं तेच झालं होतं. तिला सावलीत खाली आणून ठेवलं, दिवा उतरवला, आणि रंग परतायला कित्येक महिने लागले. उजेड कमी पडल्याचं नुकसान सावकाश होतं आणि सुधारता येतं, जादा पडल्याचं झटक्यात होतं. म्हणून शंका असेल तेव्हा कमी ठेवा.

बघायला शिकलं की प्रवाळ स्वतःच सांगतं. थाळी पातळ होऊन अवाजवी पसरली, देठ लांबले, तर उजेड कमी आहे. कडा वळल्या, अंग आखडलं, रंग उडाला, तर जास्त. पण दर बदलाचं खापर दिव्यावर फोडू नका. नव्या टाकीत वाळूवर येणारा तपकिरी थर डायटमचा असतो, तो बहुधा आपोआप जातो. लेदर प्रवाळ मधूनमधून मिटून बसतं आणि अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकतं, तेव्हा घाबरून दिव्याला हात लावायचा नाही. बसवेश्वरनगरच्या एका स्नेह्यांनी अशा वेळी दिवा रोज वर-खाली केला आणि धडधाकट प्रवाळ महिनाभर मिटवून ठेवलं.

वेळ आठ ते दहा तास पुरते. आम्ही दुपारी बाराला निळा हळूहळू चढवतो, पांढरा दोन ते सहा ठेवतो आणि रात्री नऊला सगळं मावळतं, म्हणजे कामावरून आल्यावर टाकी बघायला मिळते. नव्वद वॉटचा दिवा नऊ तास चालला तर दिवसाला पाऊण युनिटच्या थोडं वर जातं. वीज गेली तर दिव्याची चिंता करू नका, ढगाळ दिवस समुद्रातही येतात. इन्व्हर्टरवर घ्यायचा तो पाणी फिरवणारा पंप, कारण प्राणवायूविना मासे काही तासांतच संकटात येतात. एप्रिलमध्ये इथली खोली तेहतीस-चौतीस अंशांवर जाते आणि टाकी २४ ते २७ मध्ये राहायला हवी. दिव्याचा पंखा आणि मागची उष्णता सोडणारी पट्टी मोकळ्या हवेत ठेवा, झाकणात कोंडू नका.

विजेची काळजी घेतलीच पाहिजे. खाऱ्या पाण्यावर २३० व्होल्ट टांगलेले असतात. टाकीच्या सगळ्या प्लगांमागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. प्रत्येक वायर प्लगपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात शिरणार नाही. टाकीत हात घालताना खालून चिपांकडे बघू नका. तीव्र निळा-जांभळा डोळ्याच्या पडद्याला इजा करतो, आणि आपल्याला तो तेवढा प्रखर वाटत नसल्याने पापणी वेळेवर मिटत नाही. घरात लहान मूल असेल तर दिव्याला बाजूने आडोसा लावाच.

दिव्याइतकाच मोठा प्रश्न त्याखाली काय ठेवायचं हा आहे. सगळे दगडी, म्हणजे रीफ बांधणारे प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. समुद्रीघोडेही त्यातच. कुणी असं दगडी प्रवाळ ‘रंगीत एसपीएस, पाचशे पारचा दिवा लागेल’ म्हणून विकायला आणलं, तर दिव्याची चर्चा तिथेच थांबवा. मालवणच्या समुद्रातून आठवण म्हणून तुकडा उचलणंही याच कायद्यात येतं, आणि तिथला काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मशरूम, झोअँथिड आणि लेदर या अनुसूचीत नाहीत, तरी ते कुठून आले हे विचारून, पक्क्या बिलावरच घ्यावेत. मला वाटतं, दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला तुकडा सगळ्यात उत्तम. तो आधीच एलईडीखाली वाढलेला असतो आणि देणाऱ्याला त्याच्या जागेचा पारही बहुतेक वेळा माहीत असतो. क्लाऊनफिशसुद्धा पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात केव्हाच बसवलं आहे.

जुना दिवा विकत मिळत असेल तर तो चालू करून सगळे चॅनल एकेक करून बघा. जांभळे चिप आधी मरतात आणि ते मेल्याचं डोळ्याला चटकन कळत नाही. एलईडी पन्नास हजार तास चालतो असं लिहिलेलं असतं, म्हणजे रोज दहा तासांनी तेरा वर्षांच्या वर. प्रत्यक्षात त्याआधी पंखा जातो, ड्रायव्हर जातो. सुटा ड्रायव्हर बदलून देणारं कुणी शहरात आहे का, हे विकत घेण्याआधी विचारून ठेवा. आणि भिंगांवर, संरक्षक काचेवर मिठाचा पांढुरका थर चढतो तो दर आठवड्याला दिवा बंद करून, गार झाल्यावर, आरओच्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने पुसा. बरेच महिने साचलेला थर एकदम पुसला की खालचा पार त्याच दिवशी उसळतो, तेव्हा अशा वेळी दिवा आधी थोडा उतरवून घ्या आणि मगच काच साफ करा.