औषध की अघोर?

समाजशास्त्राच्या तासाला आफ्रिकेतील मानवी अवयवांच्या व्यापाराचा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "रानटी लोक, दुसरे काय?" मलाही ते पटले. सुटीत मांजरसुंब्याला घरी गेल्यावर मी हे आजोबांना सांगितले. ते एवढेच म्हणाले, "मानवत विसरलास का?" त्या एका प्रश्नामुळे हा लेख लिहीत आहे.

दक्षिण आफ्रिकेत 'मुती' म्हणजे औषध. मूळ झुलू शब्दाचा अर्थ झाड असाही होतो. तेथील बहुतेक वैदूंची औषधे झाडपाल्याचीच असतात. मात्र काही मांत्रिक माणसाच्या अवयवांत 'शक्ती' असल्याचे सांगतात. टांझानियात सुमारे 2007 पासून कोड असलेल्या नव्हे, तर जन्मतःच वर्णहीन असलेल्या माणसांचे हातपाय याच समजुतीने तोडले गेले. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात खाणीत सोने लागावे, जाळ्यात मासे यावेत म्हणून असे ताईत घेतले जात. 2009 मध्ये सरकारने वैदूंचे परवाने रद्द केले. काही मारेकऱ्यांना त्याच वर्षी फाशीची शिक्षा सुनावली गेली. अवयव विकत घेणारा मात्र न्यायालयापुढे क्वचितच आला.

आता आपल्याकडे पाहू. बीडहून माजलगाव, पाथरी ओलांडले की परभणी जिल्ह्यातील मानवत लागते. तेथे 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात पाच मुली, एक वर्षाचे मूल आणि चार स्त्रिया, अशा दहा जणांचे खून झाले. मुंजाला कुमारिकेचे रक्त दिले की पुरलेले धन सापडेल, मूलही होईल, या समजुतीतून ते झाले, असा सरकार पक्षाचा दावा होता. तिकडे सोन्याची खाण, इकडे गुप्तधन. फरक तो केवढा?

तपास रमाकांत कुलकर्णी यांनी केला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. खुनांचे सूत्रधार म्हणून ज्यांच्यावर आरोप होता, ते सुटले. कारण माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला पुरेसा दुजोरा नव्हता. न्यायालयाने सोडलेल्यांना आपण दोषी म्हणू नये. पण खून कोणासाठी झाले, हा प्रश्न उरतोच. सुरी धरणारा हात सापडतो. तो हात भाड्याने घेणारी इच्छा पुराव्यात सापडणे कठीण.

म्हणूनच महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मला महत्त्वाचा वाटतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांची हत्या झाली आणि त्यानंतरच तो वटहुकुमाच्या रूपाने आला. नरबळी किंवा गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणाऱ्याबरोबरच, ते करण्यास चिथावणी देणाराही त्यात गुन्हेगार ठरतो.

मित्रहो, कायदा गुन्ह्यामागे धावतो. समजूत गुन्ह्याच्या पुढे चालते. आजही गावात गुप्तधनाची गोष्ट निघाली की आपण गमतीने ऐकतो, हसतो आणि उठून जातो. त्या वेळी "हे खोटे आहे" एवढे स्पष्ट म्हणणे आपल्या हातात आहे. मागच्या बाकावरच्या त्या मित्राला मी हेच सांगणार आहे. त्या दिवशी मीही गप्प बसलो होतो.